उतरवायचे चार किलो, की उचलायचे चाळीस?

वय ४९, उंची १५७ सेंमी, वजन ६१.४ किलो. नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत गणिताच्या शिक्षिका. तक्रार एकच: शेवटचे चार किलो उतरत नाहीत.

ओळख पटेल असे तपशील बदलून हे प्रकरण लिहिते आहे. त्यांना इथेही 'बाई'च म्हणते, कारण माझ्याकडे आल्यापासून मी त्यांना तशीच हाक मारते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीच्या बायकाच जास्त असतात आणि दुखणं गुडघ्याचं असो की खांद्याचं, निघताना दारात विचारलेला प्रश्न वजनाचा असतो. बाईंनी तो आधीच विचारला, इतकाच फरक.

दीड वर्षात त्यांनी ७१ वरून ६१ पर्यंत वजन आणलं होतं. दोन वेळाच जेवायचं, मधे काही नाही आणि रोज पाऊण तास जॉगिंग ट्रॅकवर झपाझप चालायचं. साखर काठावर होती तीही थोडी खाली आली. मी हे मुद्दाम सांगते, कारण अशा पथ्यांची टर उडवायची आपल्या क्षेत्रात फॅशन आहे. त्या दहा किलोंनी त्यांचं भलंच केलं होतं. अडचण पुढच्या चारांची होती. लग्नाच्या वेळी वजन ५७ होतं म्हणून ते ५७ व्हायला हवं, याशिवाय त्या आकड्याला काहीही आधार नव्हता.

सोबत त्यांनी आलेखवही आणली होती. आडव्या अक्षावर तारखा, उभ्यावर वजन, बिंदू लाल शाईने जोडलेले. पहिल्या वर्षाची रेष छान उतरत आलेली, नंतरचे सहा महिने नुसते दातेरी. ६०.८, ६१.५, ६१.१, ६१.७. दोन ठिकाणी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'रात्रीचं बंद.'

तपासणीत काय दिसलं

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २४.९. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात, म्हणजे बाई काठावर होत्या. ५७ किलो झाले असते तरी बीएमआय २३.१ च आला असता. कंबर ८६ सेंमी, आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा ८०. म्हणजे चरबीचा प्रश्न खोटा नव्हता, आणि 'तुमचं वजन अगदी योग्य आहे' असं सांगून त्यांची बोळवण करणं बरोबर ठरलं नसतं.

पण मी हातात पकडीचा मीटर दिला तेव्हा उजव्या हाताने १६.५ किलो दाखवले. आशियाई निकषांत बायकांची पकड १८ च्या खाली गेली की स्नायूंची ताकद कमी समजतात. हात छातीवर घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसायला त्यांना १३.४ सेकंद लागले. १२ किंवा त्याहून जास्त लागले तर तीही धोक्याची खूण. जमिनीवर मांडी घालून बसल्यावर उठताना एक हात जमिनीवर आणि दुसरा गुडघ्यावर. जिना चढताना त्रास नाही, उतरताना दोन्ही गुडघे दुखतात. एक्स-रेमध्ये किरकोळ झीज.

पाळी जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्या आईचं पासष्टीनंतर न्हाणीघरात घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घेतली. टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती कमी-जास्त) मणक्याचा उणे १.७, खुब्याचा उणे १.२. उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, त्याआधीचा हा टप्पा. हिमोग्लोबिन ११.२, ड जीवनसत्त्व १४, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९, थायरॉइड ठीक. रक्तवाढीचं आणि ड जीवनसत्त्वाचं औषध डॉक्टरांनी सुरू केलं. वजनाच्या इंजेक्शनबद्दलही बाईंनी तिथेच विचारून घेतलं होतं (टिर्झेपटाइड भारतात आल्यापासून हा प्रश्न टळत नाही) आणि एवढ्या बीएमआयला नाही, असं स्वच्छ उत्तर मिळालं होतं.

मग आहार. सकाळी बिनसाखरेचा चहा. साडेबाराला डब्यात एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, काकडी. रात्री वाटीभर पातळ वरण, दह्यातली कोशिंबीर, कधी अर्धी भाकरी. गुरुवारी उपवास, म्हणजे साबुदाणा नाहीतर भगर. प्रथिनं मोजली तर दिवसाची तिशीही गाठत नव्हती. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या किमान हिशेबाने, किलोमागे ०.८३ ग्रॅम, त्यांना ५१ लागत होती.

एवढं कमी खाऊन वजन हलत का नाही, हे कोडं त्यांनीच सोडवलं. मी फक्त शनिवार-रविवारचंही लिहून आणायला सांगितलं. पाच दिवस नऊशे कॅलरी, दोन दिवस बावीसशे. सरासरी काढून त्या हसल्या. बाराशे एकाहत्तर. त्यात लिहायचं राहिलेलं दाण्याचं कूट, शिक्षकखोलीतला चहा, कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा मिळवला की उत्तर जुळतं.

खरा वाद

माझं म्हणणं मी पहिल्याच आठवड्यात मांडलं: चार किलो बाजूला ठेवू, नऊ महिने फक्त ताकद वाढवू. बाईंना ते पटलं नाही. "अगं, दोन्ही एकदम का नाही करत?"

प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या अंगावर भरपूर चरबी आहे आणि ज्यांनी कधीच वजन उचललेलं नाही, त्यांना दोन्ही एकदम जमतं. बाईंची गोष्ट निराळी होती. दीड वर्ष अर्धपोटी राहिलेलं शरीर, तिशीच्या आत प्रथिनं, पाळी थांबण्याचा काळ. आहार तोडून उतरवलेल्या वजनात ढोबळमानाने पाव हिस्सा स्नायू वगैरेंचा असतो. आधीच्या दहा किलोंत दोन-अडीच किलो असेच गेले असणार. आणखी चार तशाच पद्धतीने उतरवायचे म्हणजे आणखी एक किलो स्नायू द्यायचा, तोही नेमका अशा वयात की पुन्हा कमवायला दुप्पट घाम गाळावा लागतो. आणि अशा पथ्यानंतर वजन परत चढतं तेव्हा चढते ती मुख्यतः चरबी. दोन-तीन फेऱ्या अशा झाल्या की काट्यावर तोच आकडा दिसतो, पण आतलं शरीर बदललेलं असतं.

हे समजावायला मला पुण्याचं एक उदाहरण नेहमी उपयोगी पडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय २२.३, तंतोतंत सारखा. शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवर जे काम केलं त्यातही हेच दिसलं होतं: बाळं वजनाला लहान, पण त्यांच्या अंगावर चरबी त्या मानाने राखलेली आणि स्नायू कमी. आपण बहुतेक जण जन्मापासूनच स्नायूंच्या बाबतीत तोट्यात आहोत. बाईंनी कागदावर दोन आयत काढले, क्षेत्रफळ सारखं आणि बाजू वेगळ्या, आणि म्हणाल्या, "कळलं. पुढे."

पुढचा मुद्दा हाडांचा. इस्ट्रोजेन उतरतं त्या चार-सहा वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने विरळ होतात. चालण्याने हृदयाला फायदा होतो, पण मणक्याच्या हाडावर पुरेसा भार येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाची लिफ्टमोर नावाची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, देखरेखीखाली खरोखर जड वजन उचललं: डेडलिफ्ट (कमरेतून वाकून जमिनीवरचं वजन उचलणं), स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), डोक्यावर वजन ढकलणं. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनी पहिल्या गटात कण्याच्या कमरेकडच्या भागातली घनता २.९ टक्के वाढली, दुसऱ्यात १.२ टक्के घटली. या वयाच्या बायकांना आपल्याकडे सर्रास 'वाकू नका, जड उचलू नका' सांगतात. शिकवल्याशिवाय उचलू नका, असं सांगितलं तर ते खरं होईल.

आईच्या खुब्याचा विषय मी काढला नाही. बाईंनीच काढला आणि नऊ महिन्यांना हो म्हणाल्या. अट एक: वही चालू राहणार. मी तीन रकाने वाढवून घेतले, कंबर, खुर्चीचे सेकंद आणि उचललेले किलो. वजन आठवड्यातून एकदाच.

ताटात काय बदललं

सगळे दिवस सारखे, पंधराशे ते सोळाशे कॅलरी. प्रथिनं ६५ ते ७०. घरात अंडं चालतं, मटण-मासे नाहीत.

नाश्ता परत आला. दोन उकडलेली अंडी किंवा मूगडाळीची दोन धिरडी दह्याबरोबर. डब्यात दोन भाकऱ्या, मटकीची नाहीतर मसूरची घट्ट उसळ आणि दह्याची वेगळी डबी. चार वाजता मूठभर फुटाणे, ताक. रात्री दोन पोळ्या आणि शंभर ग्रॅम पनीर, नाहीतर सोया चंक्सची सुकी भाजी. चंक्स पाण्यात उकळून, घट्ट पिळून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात परतले तर तो उग्र वास जातो, नाहीतर घरचे हात लावत नाहीत. झोपताना कपभर दूध. वरणाबद्दल एकच सूचना केली: डाव उलटा केला तर पटकन ओघळणारं वरण हे पाणीच, त्याची प्रथिनांत गणती नको. गुरुवार त्यांनी सोडला नाही आणि मीही सोडायला सांगितलं नाही. दाण्याची आमटी, दही, दूध, पनीर यांनी तो दिवसही बराचसा भरून निघतो.

पावडर घेऊ का, असं त्यांनी विचारलं. घेतली तरी चालते, पण त्यांना गरज पडली नाही.

वजनं

पहिले दोन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर तीनदा, पाऊण तास. प्रकार सहाच. खुर्चीवरून उठणं, कमरेतून वाकून वजन उचलणं, ओट्याला हात टेकून जोर, एका हाताने डंबेल ओढणं, डोक्यावर ढकलणं आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. आठ वेळा, तीन फेऱ्या. फेरी संपताना 'आणखी दोन जमले असते' असं वाटायला हवं. सहा जमले असते असं वाटलं तर वजन हलकं आहे.

गुडघ्यांमुळे सुरुवात खुर्चीवर जाड उशी ठेवून केली. मग उशी काढली, मग बुटकं स्टूल आणलं, पाचव्या महिन्यात पाट. नियम असा की दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यासारखं वाटायला हवं, नाहीतर एक पायरी मागे. गुडघ्याला विश्रांती देऊन देऊन मांडी वाळली होती. मांडी भरत गेली तसा जिना उतरणं सोपं झालं.

वाकायला शिकवण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो घालवायलाच हवा होता. मणका उणे १.७ असताना पाठीची कमान करून वजन उचललेलं मला नको होतं. पाठीवर एक सरळ काठी उभी धरायची. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, खांद्याच्या पात्यांच्या मधे आणि माकडहाडावर. आता गुडघे किंचित सैल सोडून ढुंगण मागे ढकलायचं, हात मोकळे नसताना दार मागे लोटतो तसं. एकही टेकण सुटलं की थांबायचं. बाईंची काठी आधी माकडहाडावरून सुटायची. वर्गातल्या फळ्यावर खाली लिहिताना वर्षानुवर्षं त्या पाठ वाकवूनच लिहीत आल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात काठी टिकली तेव्हा हातात आठ किलोचं केटलबेल, म्हणजे वर कडी असलेलं वजन, दिलं.

त्याआधीच मोठा खटका उडाला होता. पंधराव्या दिवशी काट्याने ६२.६ दाखवलं. संध्याकाळी फोन आला, "तू मला जाड करते आहेस." मी त्यांना एक भागाकार करायला सांगितला. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. १.२ किलो म्हणजे ९,२४०. भागिले चौदा. पलीकडून उत्तर आलं: रोज ६६० जादा. म्हणजे रोज बावीसशेच्या वर खाणं. खाल्लं का? नाही. मग ही चरबी नाही. भाकरी परत आल्यावर स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठतं आणि ते आपल्या तिप्पट पाणी धरतं. नव्या व्यायामाने स्नायू थोडे सुजतात, आतड्यातही दोन घास जास्त असतात. बाई गप्प झाल्या. पटलं होतं, आवडलं नव्हतं. गौरी-गणपतीला जाऊबाईंनी सगळ्यांसमोर "खाणं वाढलंय वाटतं" असं म्हणून आणखी एक आठवडा खराब केला. वही मात्र खोटं बोलत नव्हती. वजनाची रेष वर गेली होती आणि कंबरेचा रकाना ८६ वरून ८५ वर आला होता.

दिवाळीच्या आधी एकदा घरचा सिलिंडर संपला. भरलेला सिलिंडर म्हणजे चौदा किलो गॅस आणि वर साधारण पंधरा किलो लोखंड. मुलगा घरी नव्हता. बाईंनी तो कडेने फिरवत न नेता उचलून ओट्याखाली ठेवला आणि वहीच्या 'उचललेले' रकान्यात तारीख घालून लिहिला. व्यायामशाळेबाहेरचं वजन धरायचं की नाही यावर आमची चर्चा झाली. धरलं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीचे पेपर, पर्यवेक्षण, मग तपासणीचे गठ्ठे. सहा आठवडे आठवड्याला एकच सत्र झालं. फेऱ्या कमी केल्या, वजन हलकं केलं नाही. मिळवलेली ताकद टिकवायला फार थोडा व्यायाम पुरतो, फक्त तो जड असावा लागतो. एप्रिलमध्ये दोन सत्रांत सगळं पूर्ववत झालं.

नऊ महिन्यांनी

वजन ६१.८. सुरुवातीपेक्षा चारशे ग्रॅम जास्त.

कंबर ८१. खुर्चीवरून पाच वेळा ८.९ सेकंदांत. पकड २१ किलो. डेडलिफ्ट ४० किलो, पाच वेळा. जमिनीवरून उठताना हात लागत नाही. एचबीए१सी ५.६, हिमोग्लोबिन १२.३, यात औषधांचा वाटा आहे, सगळं श्रेय मी घेणार नाही. डेक्सा इतक्या लवकर परत करून फायदा नसतो, खरा बदल आणि यंत्राची चूक वेगळी काढता येत नाही. त्यामुळे हाडांबद्दल आज काही सांगता येत नाही.

जे सुधारलं नाही तेही लिहिते. रात्रीचे घामाचे झोत तसेच राहिले. झोप तुटतेच. त्यासाठी त्या आता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातात आणि ते आधीच करायला हवं होतं असं मला वाटतं. डाव्या खांद्याने डोक्यावरचं ढकलणं कधीच नीट स्वीकारलं नाही. तिथे आम्ही तिरकं ढकलण्यावर समाधान मानलं.

आणि हे प्रकरण वाचून बीएमआय ३२ असलेल्या, गुडघे पुरते झिजलेल्या किंवा झोपेत श्वास अडकणाऱ्या कुणी 'वजनाचं नंतर बघू' म्हणू नये. तिथे वजन आधी येतं, ताकदीचा व्यायाम त्याच्या जोडीला. इंजेक्शनवर भराभर वजन उतरत असेल तर ती जोड आणखीच गरजेची. बाईंचा क्रम उलटा लागला कारण त्यांचं उतरवण्याचं काम जवळपास झालं होतं आणि ताकदीच्या रकान्यात शून्य होतं.

चार किलोंचा प्रश्न मेमध्ये परत आलाच. आता माझी हरकत नव्हती. बाईंना सुट्टीतच सुरू करायचं होतं, मी आंब्याचा मोसम संपू द्या म्हटलं. समोर आमरस असताना कॅलरीची तूट ठेवायची पैज मी तरी लावणार नाही. जूनच्या मध्यापासून आठ आठवडे, रोज अडीचशे कॅलरी कमी, त्या कापायच्या तेल आणि पोळीतून, प्रथिनं तेवढीच, वजनं तेवढीच जड. थांबण्याची अट वहीत लिहून घेतली: डेडलिफ्ट लागोपाठ दोन आठवडे घसरली तर तूट बंद.

डेडलिफ्ट घसरली नाही. वजन ५९.९ वर आलं, कंबर ७९. पुढे ५७ पर्यंत जायचं का, असं मी विचारलं तेव्हा बाईंनी वही चाळली आणि गणपती येतायत, एवढंच म्हणाल्या. तूट थांबवली. डेक्सा पुढच्या उन्हाळ्यात आहे. सध्या आमचा वाद ५० किलोंच्या डेडलिफ्टवरून चालू आहे: मी दिवाळीनंतर म्हणते, त्या नवरात्रात म्हणतात.